कोमट पाण्याचा कुंभार

शिवादादा माती तुडवताना नावं घ्यायचा. देवाची नव्हे. देवाची नावं घेणारे कुंभार त्या आळीत आणखीही होते आणि त्यांची मडकी काही वाईट नव्हती. शिवादादा नावं घ्यायचा ती त्याच्या वाकड्यात शिरलेल्या माणसांची. सकाळी धोतर मांडीपर्यंत खोचून तो मातीत उभा राहायचा, उजवी टाच उचलायचा आणि म्हणायचा, "ह्यो नळवाला." धप्प. "ह्यो टांगेवाला, लीद देतो सांगून दुसऱ्याला दिली." धप्प. "ही माझी मेव्हनी." इथे टाच जरा हळू पडायची, कारण गंगूवहिनी मागे चुलीपाशी असायच्या.

एका सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो आणि शेजारून ऐकू आलं, "ह्यो मोटरवाला." धप्प.

कुंभारआळीत मोटरवाला एकच होता. तो मी.

भिवंडीत जितके लूम तितक्या जळणाऱ्या मोटरी, असा सरळ हिशेब करून मी तिथे रिवाइंडिंगचं दुकान टाकलं होतं. माझ्या हातून दुरुस्त होऊन गेलेली मोटर पुन्हा जळून माझ्याकडेच यायची, त्यामुळे धंदा बरा चालला होता आणि शत्रूंचाही तुटवडा नव्हता. पण शिवादादाशी माझं बिनसलं ते मोटरीवरून नाही. दुकान टाकलं त्याच आठवड्यात मी त्याच्या पडवीत मडकं घ्यायला गेलो होतो. कोपऱ्यात बाकीच्या मालापासून लांब थोडी मडकी उपडी घातली होती. लहान, साधी, माझ्या खिशाला साजेशी. त्यातलं एक मी उचललं, जाणकारासारखं बोटाच्या पेरांनी वाजवलं, कानाशी धरलं आणि म्हणालो, "आवाज बद्द येतोय. भाव जरा कमी करा."

चाक थांबलं. गंगूवहिनींनी पदर तोंडाला लावला.

"कोन गेलं?" शिवादादाने अगदी हळू विचारलं.

"बायको," मी म्हणालो. "सकाळीच गेली."

"अगं बाय! कशानं?" वहिनी.

"एसटीनं. चार दिवस राहील माहेरी."

ती मर्तिकाची मडकी होती. खांद्यावरून पाणी सांडत नेतात ती. ते मडकं कुणी वाजवून बघत नाही, त्याचा भाव करत नाही आणि ते घेतल्यावर मागे वळून बघत नाही. मी ते वाजवलं होतं, भाव केला होता, वर मागे वळून "दुसरं दाखवा" असंही म्हणालो होतो. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्याच्या टाचेखाली होतो. सुटलो ते वहिनींचा रेडिओ दुरुस्त करून दिला म्हणून. माझ्या दुरुस्तीनंतर त्या रेडिओवर एकच केंद्र लागायचं, पण सुदैवाने शिवादादाला तेच आवडायचं.

त्याच्या रागाला एक रीत होती. लहानसहान माणसं टाचेखाली यायची, तुडवली जायची, सुटायची. माझ्यासारखी काही तर पुढे त्याच्याच ओसरीवर चहा प्यायला बसायची. पण एक नाव कायमचं होतं आणि ते शेवटी यायचं, दोन्ही टाचांनी. बाळाशेठ.

"डूख कच्चा ठिवायचा न्हाय, मिस्त्री," तो मला सांगायचा. "कच्च्याला पानी लागलं का चिखल. भाजून ठिवायचा. भाजला का टिकतो."

बाळाशेठ बाजारात वेस्टचा व्यापारी होता. लूमवर जी सुताची गुंतवळ, तुटके धागे, कापडाच्या कडा उरतात, ते वेस्ट तो गोण्यांनी उचलायचा आणि विकायचा. आमच्याकडचे कुंभार भट्टीला लाकूडफाट्याबरोबर हेच सुती वेस्ट लावत. ते भसकन पेटतं, मग सावकाश धुमसतं आणि मडकं आतपर्यंत भाजतं. मी आळीत येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात, अक्षयतृतीया तोंडावर असताना, बाळाशेठने शिवादादाला दिलेल्या गोण्यांत वर सुती आणि खाली पॉलिस्टर भरून दिलं. पॉलिस्टर जळत नाही, वितळतं. भट्टी उघडली तेव्हा माठांवर काळे डांबरासारखे ओघळ गोठलेले होते आणि सगळ्या मालाला जळक्या प्लास्टिकचा वास सुटला होता. अक्षयतृतीयेला नव्या मडक्यातलं पाणी आधी पितरांना दाखवायचं असतं. वहिनी दोन दिवस ते माठ नारळाच्या काथ्याने घासत बसल्या. ओघळ गेले, वास गेला नाही. बाया यायच्या, माठात नाक घालायच्या आणि तोंड वाकडं करून पुढच्या दारात जायच्या.

शिवादादा बाळाशेठच्या पेढीवर गेला. पेढी माणसांनी भरलेली होती. बाळाशेठ म्हणाला, "मी सुतीच दिलं. तुला भट्टी लावता येत नाही त्याला मी काय करू? आणि मडक्यांना काय नाक असतं?"

लोक हसले. शिवादादाला नुकसानापेक्षा हे हसणं लागलं. कारण त्या दिवसापासून गावात बोललं जाऊ लागलं, की शिवाला भट्टी लावता येत नाही. ज्याच्या आज्याची भट्टी अख्ख्या तालुक्यात नावाजलेली, त्याला.

"मला त्याचा पैका नको," तो म्हणायचा. "त्यानं चार मानसांत बोललं पायजे, का पॉलिस्टर मी घातलं. त्याच्या तोंडानं. तवर त्यो हितं हाय." आणि टाचेकडे बोट दाखवायचा.

आता गंमत अशी, की हाच शिवादादा दर उन्हाळ्याला बाळाशेठला माठ द्यायचा. बाळाशेठला फ्रिजचं पाणी घशाला बाधायचं, आणि पेढीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला माठाचं पाणी पाजणं हा त्याचा मोठेपणा होता. शिमगा झाला की त्याचा माणूस यायचा, "शेठनी सगळ्यात देखणा माठ सांगितलाय." शिवादादा आतून माठ आणून द्यायचा, आणि तो खरोखर सगळ्यात देखणा असायचा. गेरूचा लाल रंग, गुळगुळीत अंग, वाजवला तर देवळातल्या घंटेसारखा. मी मनात म्हणायचो, काय मोठ्या मनाचा माणूस आहे. बोलतो वैराचं आणि देतो उत्तमातलं उत्तम. एकदा तर मी हे सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्यालाही तसाच आणा की."

मी आणला. शिवादादा माती आणायला दापोड्याच्या बाजूला गेला होता आणि वहिनी नळावर होत्या. आतल्या खोलीत गोणपाटाखाली तसलाच एक लालभडक माठ झाकून ठेवलेला दिसला. मी हक्काने उचलला, पैसे रेडिओखाली ठेवले आणि घरी घेऊन आलो.

त्या माठातलं पाणी गार होईना. पहिल्या दिवशी मी म्हटलं, नवा आहे. दुसऱ्या दिवशी सुलभाला म्हटलं, तू फडकं नीट गुंडाळत नाहीस. तिसऱ्या दिवशी माठ खिडकीत हलवला. मग माझ्यातला इलेक्ट्रिशियन जागा झाला आणि मी माठासमोर टेबलफॅन लावला. घरात आम्ही उकाड्याने मरत होतो आणि फॅन माठाला वारा घालत होता. पाणी होतं तसं कोमट. सासरे आले होते, ते ग्लास हातात धरून म्हणाले, "जावईबापू, चहाचं आधण आहे का हे?"

मी तो माठ उचलून तणतणत शिवादादाकडे गेलो. त्याने माठ बघितला आणि पहिल्यांदाच मी त्याचा चेहरा पडलेला पाहिला.

"ह्यो तू नेलास? अरे गाढवा, ह्यो बाळाशेटचा!"

मग मला आत नेऊन, वहिनींनाही बाहेर घालवून, त्याने सांगितलं. माठ गार करतो कारण तो घामतो. मातीत लीद आणि राख मळलेली असते, त्यातली लीद भट्टीत जळून जाते, तिथे बारीक वाटा राहतात आणि त्या वाटांनी पाणी पाझरतं. बाळाशेठच्या माठाला तो लीद घालायचाच नाही. माती फडक्यातून गाळून घ्यायची, माठ वाळत आला की गोट्याने घासून घासून अंग बंद करायचं, भट्टीत सगळ्यात कडक आचेच्या जागी ठेवायचा, आणि बाहेर काढल्यावर माठ गरम असतानाच राळेचा असा पातळ हात फिरवायचा की कुणाला कळू नये. घंटेसारखा वाजतो तो त्यामुळेच. आणि मरेपर्यंत घामत नाही.

"ह्याला साध्या माठाच्या तिप्पट वेळ लागतो," तो म्हणाला. "येक माठ करायला दोन दिस जातात माझं."

"दादा, इतका त्रास घेऊन?"

"मंग? सूड काय फुकट मिळतो?"

त्याने मला वहिनींच्या रेडिओची शपथ घातली. देवाची शपथ मी मोडतो हे त्याला ठाऊक होतं, पण ही मोडली तर रेडिओ बंद पडणार आणि तो पुन्हा माझ्या हाती द्यायची वहिनींची तयारी नव्हती, तेव्हा ती शपथ मोडण्यासारखीच नव्हती. गुपित ठेवणं हा माझा प्रांत नव्हे. माझ्याकडे आलेली गोष्ट आणि मोटर संध्याकाळपर्यंत धूर सोडू लागते. पण ही मी ठेवली, कारण ती ठेवण्यात मजा फार होती. बाळाशेठच्या पेढीवरचे पंखे मी दुरुस्त करायचो. शिडीवर बसून खाली बघायचो. भर दुपारी वडपे गावचा ट्रान्सपोर्टवाला घामाघूम होऊन यायचा, बाळाशेठ ऐटीत म्हणायचा, "आधी पाणी घ्या. आमच्या माठाचं!" तो बिचारा घटाघटा प्यायला लागायचा, मध्येच थबकायचा, आणि मोठ्या माणसाकडचं पाणी म्हणून कसाबसा गिळून "वा!" म्हणायचा. बाळाशेठ स्वतःही प्यायचा, भुवया उंचावायचा, माठाकडे बघायचा, आणि नोकराला ओरडायचा, "फडकं ओलं कर रे!" मी हे सगळं संध्याकाळी शिवादादाला करून दाखवायचो. तो डोळे मिटून ऐकायचा. "भुवई कंची उचलली?" विचारायचा. "डावी." "हां."

असे काही उन्हाळे फार सुखाचे गेले.

मग एका वर्षी बाळाशेठच्या सुनेने माहेरहून एक माठ आणला. ओबडधोबड, भुरका, पण घामणारा. बाळाशेठ त्यातलं पाणी प्यायला आणि त्याने पेढीवर बसून निकाल दिला, "शिवाचा हात गेला. म्हातारा झाला तो. कित्येक वर्षं त्याचे माठ मी वापरले, एक गार निघाला नाही. मी बोललो नाही, म्हटलं गरिबाची अन्नान्न दशा नको."

बाळाशेठचं बोलणं बाजारात लगेच फिरायचं. वर या बोलण्याला पुरावा होता. ज्यांनी ज्यांनी पेढीवर कोमट पाणी गिळून "वा" म्हटलं होतं, त्या सगळ्यांना आता आठवलं. "होय हो, गरमच असायचं." उन्हाळा तोंडावर आला आणि शिवादादाच्या पडवीत माल तसाच पडून राहिला. लूमवरचे भय्ये खोलीसाठी माठ न्यायचे, तेही दारात उभे राहून विचारायला लागले, "चाचा, पानी ठंडा रहेगा ना? लोग कुछ और बोल रहे हैं."

मी म्हटलं, "दादा, सांगून टाक की मुद्दाम केलं."

"आन मंग?" तो म्हणाला. "आज बोलतात, शिवाला येत न्हाय. उद्या बोलतील, शिवाच्या माठात काय असंल काय नेम न्हाय. कंचं बरं?"

 आठवडाभर त्याचं एकच चाललं होतं. चाकावर बसायचा, गोळा लावायचा, काढून ठेवायचा. वहिनींना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, त्या मला विचारायच्या, "खरंच हात गेला का हो ह्यांचा?" आणि हे त्याला ऐकू गेलं. मला वाटतं, बाळाशेठच्या शंभर बोलण्यांनी झालं नसतं ते त्या एका प्रश्नाने झालं. सूड राखायचा तर बायकोने हात गेला म्हणायचं. हात राखायचा तर सूड उघड्यावर आणायचा.

अक्षयतृतीयेच्या आधीच्या दुपारी त्याने घरातला पाणी भरलेला माठ उचलला. "चल पेढीवर."

"मी घेतो," मी म्हणालो. ही माझी हौस. घामणारा भरलेला माठ पोटाशी धरून बाजारपेठ ओलांडायची म्हणजे काय, हे माहीत नव्हतं. पेढीवर पोचलो तेव्हा माझी पँट पुढून पूर्ण ओली झाली होती आणि पेढीवरचे सगळे माझ्याकडेच बघत होते. शिवादादाने आत येऊन कुणाला नमस्कार केला नाही. माठ बाकावर ठेवायला लावला आणि म्हणाला, "प्या."

ट्रान्सपोर्टवाला प्यायला. दोन लूममालक प्यायले. एका लूमचा मुकादम, जौनपूरकडचा, पिऊन म्हणाला, "अरे वाह, दाँत दुख गए."

बाळाशेठला बोलावं लागलं. "मग माझ्याकडे पाठवायचास ते?"

"त्ये बी माज्याच हातचे. दरसाल मुद्दाम करायचो." शिवादादा अगदी निवांत बोलत होता. "लीद न्हाय, घासून अंग बंद, वरनं राळ. कंच्या बी कुंभाराला इचारा, जमतं का. घामनारा माठ कोनी पन करल, शेट. न घामनारा करायला हात लागतो. माझा हात गेला न्हाय. हात व्हता म्हनून तुमी इतकी वर्सं कोमट पानी प्यालात."

 मग मुकादम म्हणाला, "मतलब, सेठजी इतने साल से सबको..." आणि त्याला हसू आवरेना. ट्रान्सपोर्टवाल्याला आवरेना. "आणि मी वा वा करत होतो!" तो म्हणाला.

बाळाशेठचा चेहरा लाल झाला. तो उठून उभा राहिला आणि ओरडला, "एवढ्याशा गोष्टीचा इतकी वर्षं डूख धरतोस? चार गोणी पॉलिस्टर काय आलं तुझ्या भट्टीत..."

आणि थांबला. पण निघून गेलं होतं.

शिवादादा एक पाऊल पुढे झाला. "मोठ्यानं बोला शेट. मागच्या बाकावर ऐकू न्हाय गेलं."

बाळाशेठने आजूबाजूला बघितलं. आता कुणी हसत नव्हतं, सगळे वाट बघत होते, आणि हसण्यापेक्षा ते वाईट होतं. "हो, दिलं होतं पॉलिस्टर," तो म्हणाला. "वर सुती घालून दिलं होतं. झालं?"

"झालं," शिवादादा म्हणाला.  घरी येऊन वहिनींना म्हणाला, "भाकर वाढ." त्या दिवशी तो नेहमीच्या दुप्पट जेवला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या पडवीत गर्दी होती. लोकांना माठ हवा होता, पण भीती बसली होती. प्रत्येक बाई आधी विचारायची, "दादा, आमच्यावर राग नाही ना काही?" नळवाला कधी नव्हे तो वेळेवर पाणी सोडायला लागला. टांगेवाला लीद स्वतः आणून टाकायचा. आणि एक दिवस खुद्द बाळाशेठ आला. पेढीवर जो येई तो हसून विचारी, "शेठ, पाणी कुणाच्या माठाचं?" हे त्याला बंद करायचं होतं. पडवीत उभा राहून तो म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं, शिवराम. एक चांगला माठ दे."

शिवादादाने दिला. साधा, घरचा, जरा वाकडाच. तो गेल्यावर मी कुजबुजलो, "ह्यात काय केलंस?"

"कायच न्हाय. लीद हाय, राख हाय. घरात वापरतो तसाच हाय."

"म्हणजे मिटलं?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि सगळे दात दाखवून हसला. "पिऊ दे की त्याला."

मला ते समजायला पावसाळा उजाडला. बाळाशेठ ग्लास हातात घ्यायचा, एक घोट तोंडात धरून ठेवायचा आणि गिळायचाच नाही. मग समोरच्याला विचारायचा, "थंड आहे ना?" समोरचा हो म्हणायचा. तो नोकराला पाजायचा. "खरं सांग." एकदा घरातला ताप बघायचा थर्मामीटर माठात बुडवून बसलेला मी स्वतः बघितला. पाणी उत्तम गार होतं आणि त्याला ते एक दिवस गार लागलं नाही. सुनेचा किंवा दुसऱ्या कुणाचा माठ ठेवावा, तर बाजार म्हणणार, शिवाला घाबरला. दर उन्हाळ्याला शिवादादा त्याला चांगला माठ द्यायचा, आणि दर उन्हाळ्याला मला विचारायचा, "अजून इचारतो?"

"विचारतो."

"बरं."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी दापोड्याकडची मातीची जागा गोडाऊनखाली गेली, भट्टीच्या धुराबद्दल आसपासच्या नव्या इमारतींनी तक्रारी केल्या आणि शिवादादाच्या छातीने हात टेकले. मुलगा टेम्पो चालवायला लागला होता. शेवटच्या आजारात मी रोज जाऊन बसायचो. बोलायला धाप लागायची, म्हणून तो फक्त भुवई उचलायचा, आणि मी म्हणायचो, "विचारतो, दादा. अजून विचारतो." मग तो डोळे मिटायचा.

तो गेल्यावर तेराव्यानंतर बाळाशेठने मला पेढीवर बोलावलं. पंखा बिघडला नव्हता. पेढीवर दुसरं कुणी नव्हतं. त्याने स्वतःच्या हाताने शिवादादाच्या शेवटच्या माठातून ग्लास भरला आणि माझ्यापुढे धरला. तोही आता थकला होता, पाणी थोडं सांडलं.

"तो गेला," बाळाशेठ म्हणाला. "आता कुणाला खोटं बोलायचं कारण नाही. तू त्याचा माणूस. तू सांग. हे पाणी थंड आहे की नाही?"

मी एक घोट घेतला. दाताला कळ लागेल इतकं गार होतं. बाळाशेठ माझ्या तोंडाकडे लहान मुलासारखा बघत होता.

"कोमट आहे, शेठ," मी म्हणालो, आणि उरलेला ग्लास मिटक्या मारत संपवला.